आईचं फोल्डर

आमच्या घरात सोन्यावरून कधी भांडण झालं नाही, कारण सोनं नव्हतं. शेतावरून झालं नाही, कारण मंगळवेढ्याकडचं शेत चुलत्यांनी कधीच गिळून टाकलं होतं. भांडण झालं ते एका हार्ड डिस्कवरून, आणि ते मी जिंकले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला समजवायला येणार नाही.

ती डिस्क माझ्या भावानं आणली. तो माझ्यापेक्षा बराच लहान, पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. एका दिवाळीला आला आणि पुढच्या खोलीत राउटरच्या मागे एक काळी, विटेएवढी वस्तू जोडून गेला. "आक्का, आता घरातलं सगळं ह्यात ठेवायचं. टीव्ही, मोबाइल, लॅपटॉप, कुठूनबी उघडायचं," म्हणाला. आम्ही तिला डबा म्हणू लागलो. डबा आणला त्यानं, पण सांभाळला मी. सोलापूरचा उन्हाळा माणसाला सोसत नाही, तिथे त्या डिस्कला काय सोसणार? एप्रिल लागला की मी तिला खिडकीपासून काढून आतल्या भिंतीशी ठेवायची. तिच्या जाळीतली धूळ रंगाच्या जुन्या ब्रशनं झाडायची. वीज गेल्यावर ती धाडकन बंद पडू नये म्हणून तिला इन्व्हर्टरवर घेतलं. इन्व्हर्टरवर आमच्याकडे दोनच गोष्टी, पंखा आणि डबा. शेजारची मावशी म्हणायची, "फ्रीज जोडायचा सोडून ही कसली वीट जोडलीस गं?" मी म्हणायची, "दूध नासलं तर उद्या दुसरं मिळतंय की."

मी एका सरकारी कचेरीत लिपिक आहे. हार्ड डिस्क कशी सांभाळायची हे मला तिथे कुणी शिकवलं नाही, आणि घरीही नाही. भावाला फोन केला की तो म्हणायचा, "तू हात लावू नको, मी आलो की बघतो." तो वर्षातून दोनदा यायचा. डिस्क काही त्याची सुट्टी बघून आजारी पडत नाही. मग मीच वाचलं, व्हिडिओ बघितले, चुकले, पुन्हा केलं. लग्न केलं नाही म्हणून हिला असल्या गोष्टींना वेळ आहे, असं नातेवाईक म्हणतात. म्हणू देत. माझा वेळ कुठे घालवायचा याची परवानगी मी त्यांच्याकडे मागितलेली नाही.

आता आईबद्दल. आई लहानपणी तापानं बहिरी झाली, इतकी लहान असताना की तिला बोलणं आलंच नव्हतं. तिचं माहेर दुधनीजवळ. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि आई म्हणते की मला दोन्ही सारखंच यायचं. हा तिचा आवडता विनोद आहे. मोठी झाल्यावर ती मामाकडे सोलापुरात आली आणि चादरीच्या कारखान्यात कांड्या भरायला लागली. मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात सूत गुंडाळलेली जी नळी बसते, ती कांडी. यंत्रमागाच्या शेडमध्ये तुम्ही कधी उभे राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, शेजारचा माणूस कानाशी येऊन ओरडला तरी ऐकू येत नाही. तिथे तेलुगू बोलणारे होते, कानडी बोलणारे होते, दखनी बोलणारे होते, आमच्यासारखे मराठी होते, आणि मागांच्या खडखडाटात सगळ्यांच्या भाषा एकजात निकामी. सगळे हातानं बोलायचे. सूत तुटलं, कांडी संपली, मुकादम आला, चहा आला, अमकीच्या पोरीचं जमलं, सगळं हातानं. शेडबाहेर आई मुकी होती. शेडमध्ये ती सगळ्यांत बडबडी होती. बाबा तिथेच जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. लोक म्हणायचे, बघा, चांगला ऐकणारा-बोलणारा माणूस मुकीशी लग्न करतोय. बाबा म्हणायचे, हिच्याइतकं बोलणारं मला दुसरं कुणी भेटलंच नाही.

आमच्या घरची भाषा ही त्या शेडची भाषा, आणि तिच्यात आईनं आपल्या पदरचं बरंच घातलं. दोन बोटं एकमेकांपासून तटकन दूर नेली की सूत तुटलं. तीच खूण मोडलेल्या लग्नाला, गेलेल्या विजेला आणि मेलेल्या माणसाला. पाना फिरवल्यासारखी मूठ वळवली की जॉबर, म्हणजे बाबा. तीच मूठ नाकाजवळ नेऊन वळवली की फुकटचा शहाणा. बाबा गेल्यावर ही भाषा पुरती येणारी दोनच माणसं उरली, आई आणि मी. भाऊ पाचवीला निवासी शाळेत गेला तो गेलाच, तिथून कॉलेजला, तिथून पुण्याला. जेवलास का, कधी आलास, कधी जाणार, एवढ्या खुणा त्याला कळतात. त्यापुढे आईचे हात चालू झाले की तो माझ्याकडे बघून विचारतो, "काय म्हणतीय?" आणि मी सांगते. दवाखान्यात, बँकेत, बारशाला, मयताला, सगळीकडे मीच सांगत आले. आईला काही विचारायचं असलं तरी लोक माझ्याच तोंडाकडे बघून विचारतात, जशी काही ती तिथे नाहीच. मला याचा लहानपणापासून संताप आहे.

काही वर्षांपूर्वी आईचे हात कापायला लागले. आधी हातातला पेला, मग सुई, मग खुणा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हे वाढत जाणार. मी घरी येऊन आईला तसंच सांगितलं. तिचे हात, तिच्यापासून लपवणारी मी कोण? ती बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसली. मग तिनं मला मोबाइल समोर लावायला सांगितला.

सकाळची गोळी लागू झाली की तिचे हात थोडा वेळ बऱ्यापैकी थाऱ्यावर असायचे. तेवढ्यात ती खाटेवर बसायची, दाराकडे तोंड करून, उजेड हातांवर पडेल अशी. अंगावर गडद रंगाची साडी, म्हणजे हात उठून दिसावेत. मोबाइल स्टुलावर तांब्याला टेकवलेला. आणि मग ती बोलायची. माहेरचं, शेडमधलं, बाबांचं, कुणी कधी फसवलं, कुणी भाकरी पुढे केली. काही शिव्याही आहेत, चांगल्या ठसठशीत. संध्याकाळी मी ते सगळं डब्यात घालायची. फोल्डरला नाव दिलं 'आई'.

मला वाटायचं, ती आठवणी साठवतेय. माझा अंदाज चुकला. एकदा मावशी सुनेचं गाऱ्हाणं घेऊन आली, आई उत्तर द्यायला गेली आणि हात वळेना. खूण अर्धी झाली. पुन्हा केली, पुन्हा अर्धीच. मग आईनं रिमोट उचलला, टीव्हीवर डबा उघडला, खाली खाली जात एक व्हिडिओ लावला आणि टीव्हीकडे बोट केलं. त्यात ती स्वतःच्या सासूची गोष्ट सांगत होती. मी मावशीला ती बोलून दाखवली. मावशी हसली, मग एकदम उठली आणि "जाते बाई" म्हणून घरी गेली. आईला तिला जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं होतं. त्या दिवसापासून आई अशीच बोलते. रोजचं किरकोळ हातानं भागवते, आणि नीट काही सांगायचं असलं की स्वतःलाच टीव्हीवर लावते. तुमचा घसा बसला तर तुम्ही चिठ्ठी लिहून दाखवाल. आईला लिहिता येत नाही. तिचा आवाज त्या डब्यात आहे आणि दुसरीकडे कुठेही नाही.

आणि तो आवाज गेल्या पावसाळ्याच्या शेवटी अडखळायला लागला. व्हिडिओ चालता चालता थांबायचा, मग एकदम पुढे उडी मारायचा. बोललेलं अडखळलं तर आपला कान मधलं जोडून घेतो. हाताचं तसं नाही. हात इथे होता आणि एकदम तिथे दिसला, तर मधली वाट गेली, आणि आईच्या भाषेत निम्मा अर्थ त्या वाटेत असतो. 'दिलं' आणि 'दिलं नाही' यांत फरक काय, तर शेवटी तळवा उलटतो. तो उलटायच्या वेळी चित्र गोठलं की टीव्हीवरची आई चक्क खोटं बोलते. आई भडकली. कापऱ्या हातांनी मला म्हणाली, मी जन्मात कधी अडखळले नाही, मला तोतरं कोण करतंय?

मी डबा तपासला. तो जवळजवळ भरला होता. डिस्क भरत आली की नवी मोठी फाइल एका जागी मावत नाही. लग्नघरात उशिरा आलेलं कुटुंब जसं जागा मिळेल तिथे अंग टाकतं, बाप गच्चीवर, आई माजघरात, पोरं मांडवात, तसे त्या फाइलचे तुकडे डिस्कभर विखुरतात. मग व्हिडिओ लावला की डिस्कच्या आतला काटा या तुकड्याकडून त्या तुकड्याकडे धावतो आणि मागे पडतो. सगळ्यांना उठवून एकेक कुटुंब एका जागी आणून झोपवायचं, त्याला डिफ्रॅग म्हणतात. नेटवर्कवरून ते होत नाही, डिस्क राउटरची सोडवून थेट लॅपटॉपला लावावी लागते. शिवाय त्याला मोकळी जागा लागते. माणसं हलवायची तर एखादी खोली आधी रिकामी पाहिजे. म्हणजे डब्यातून काहीतरी काढायचं होतं.

भावाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "दसऱ्याला येतोच हाय. तवर हात लावू नको."

तो खांडेनवमीला सकाळी आला. चहा घेतला, डिस्क लॅपटॉपला लावली आणि सगळ्यात जास्त जागा कुणी खाल्लीय ते काढलं. मला हाक मारली.

"आक्का, हे बघ. 'आई'. सगळ्या फायली एकसारख्या. आवाज न्हाई, तीच खाट, तेच दार. नमुन्याला पाच-धा ठेवू की, बाकी काढून टाकू."

"तुझ्या लग्नाचा व्हिडिओ तीनदा हाय त्यात," मी म्हटलं. "त्यातला नमुना ठेव."

"तसं न्हवं. हे कुणी बघत न्हाई."

"आई बघती. मी बघती. शेजारची मावशी बघती. तू बघत न्हाईस म्हणजे कुणी बघत न्हाई व्हय?"

तो हसला. भाऊ वाईट माणूस नाही. आईच्या गोळ्या संपायच्या आत पार्सल येतं, तिला दर थंडीला नवी शाल येते. पण त्याच्या लेखी ज्याला आवाज नाही त्यात काही चाललेलं नाही. म्हणाला, "बरं, काढत न्हाई. बारीक करतो. फाइल हलकी हुईल, सगळी ऱ्हाईल." आणि एक करून दाखवली. व्हिडिओ म्हणजे भराभर पुढे सरकणारी चित्रंच की, त्यातली निम्मीअधिक चित्रं गाळली की फाइल हलकी होते. त्यानं ती आईपुढे धरली. आईनं डोळे बारीक करून बघितलं आणि खुणेनं विचारलं, या बाईचे हात कुणी बांधलेत?

मी त्याला ते शब्दाला शब्द सांगितलं.

"आईला काय कळतंय त्यातलं," तो म्हणाला.

"तिलाच कळतंय. तू हे करायचं न्हाईस. तुझं काय ते काढ, मग डिफ्रॅग लाव."

"बरं बाई," तो म्हणाला. मी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि इस्त्रीला दिलेले कपडे आणायला बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी विहारात जायचं होतं, आईची पांढरी साडी त्यात होती.

परत आले तेव्हा भाऊ खोलीच्या मधोमध उभा होता, डोक्याला हात लावून. आई खाटेवर बसली होती आणि तिच्या मांडीवर डब्याची वायर होती, भिंतीतून उपटलेली. लॅपटॉपवर लाल अक्षरांत काहीतरी आलं होतं.

झालं होतं असं. मी गेल्यावर त्यानं सगळं फोल्डर हलकं करायला लावलं. आक्का उगं तावातावानं बोलती, एकदा झालं की तिलाबी फरक कळायचा न्हाई, असं त्याला वाटलं. हे त्यानंच मला नंतर सांगितलं. आणि जागा लगेच मोकळी व्हावी म्हणून हलकी फाइल तयार झाली की जुनी आपोआप पुसायची, असंही त्यात लावून ठेवलं. आई शेजारी बसून बघत होती. पडद्यावर तिची छोटी छोटी चित्रं ओळीनं मांडलेली होती, वेगवेगळ्या साड्यांतली. त्यातलं एक गेलं. मग दुसरं. आणखी काही गेली. आई उठली, भिंतीपाशी गेली आणि वायर ओढली.

भाऊ ओरडला, पण आईवर ओरडून उपयोग काय? मग तो माझ्यावर ओरडला. "चालू डिस्कची वायर ओढतंय का कुणी? सगळं जाईल एका झटक्यात. विचार तिला, का ओढली ते विचार."

मला विचारावं लागलं नाही. आई सांगतच होती. माग बंद करायची खूण केली, हात जोडले, कपाळाला बोट लावलं. आज खांडेनवमी. आज माग बंद असतात. आज जो यंत्र चालवतो त्याची बोटं जातात.

मी चेहऱ्यावर काही न दाखवता ते त्याला सांगितलं.

"आपण कधीपासून खांडेनवमी पाळायला लागलो?" भाऊ म्हणाला. बरोबर होतं त्याचं. आम्ही बौद्ध. हत्यारांना हळदकुंकू लावणं आमच्या घरात कधी झालेलं नाही. आईनं माझ्याकडे बघितलं आणि तिच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला. मला समजलं. त्या शेडमध्ये मालकापासून झाडूवालीपर्यंत कुणीही ज्यावर वाद घालत नसे, अशी एकच गोष्ट होती, खांडेनवमीला माग बंद. फाइल हलकी करणं, मूळ पुसणं, यांना आईच्या भाषेत खुणा नाहीत. यंत्र आत्ताच्या आत्ता थांबवायला तिला जे कारण ठाऊक होतं, ते तिनं पुढे केलं.

"पुण्यात कॉपी हाय म्हणाला होतास की तू," मी विचारलं. त्यानं दोनदा तसं सांगितलं होतं, म्हणून मी दुसरी डिस्क घेतली नव्हती.

"हाय. फोटोंची हाय." तो लॅपटॉपकडे बघत म्हणाला. "आईचं लई मोठं होतं, म्हणून वगळलं."

मला जो राग आला तो मी इथे लिहून दाखवू शकत नाही, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. मी त्याला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले.

"आता डिफ्रॅग न्हाई, काय न्हाई," मी म्हटलं. "या डिस्कवर आता कायबी लिहायचं न्हाई." पुसलेली फाइल लगेच मरत नाही. तिच्या जागेवर दुसरं काही येऊन बसेपर्यंत ती तिथेच असते. डिफ्रॅग लावलं असतं तर सगळ्या जागा हलल्या असत्या आणि मग काहीच परत मिळालं नसतं. हे मला ठाऊक होतं, आणि त्यालाही. तो हळू आवाजात म्हणाला, "वायर ओढली न्हसती तर नव्या फायली जुन्यांवर बसत गेल्या असत्या." मी म्हटलं, "हे मला नगं सांगू. जिनं ओढली तिला सांग." त्याला त्याची खूण येत नव्हती.

त्याच्या बॅगेत त्याची स्वतःची एक डिस्क होती. तिच्यात काय आहे ते मी विचारलं नाही, रिकामी कर म्हटलं. पुसलेलं शोधून काढणारा प्रोग्राम लावला आणि डब्यातून जे जे सापडेल ते त्याच्या डिस्कवर काढायला लागले. मुंगीच्या पावलानं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला आम्ही दोघं विहारात जाऊन आलो. आई आली नाही. इस्त्रीची पांढरी साडी नेसून ती लॅपटॉपसमोर राखणीला बसून राहिली. मावशीनं विचारलं तर तिला दारातूनच हातानं जा म्हणाली.

बहुतेक सगळं परत मिळालं. काही मिळालं नाही. सुरुवातीला पुसलेल्या फायलींवर हलक्या फायली येऊन बसल्या होत्या. त्यांत एक बाबांची होती. शेडमध्ये बाबा पहिल्यांदा तिच्या कांडीच्या यंत्राशी आले, यंत्राला काहीच झालेलं नसताना पाना फिरवत बसले, आणि मग काय काय म्हणाले, ते. आता त्या गोष्टीची फक्त बांधल्या हातांची प्रत उरली होती. आईनं ती पूर्ण बघितली. मी तिला म्हटलं, उद्या गोळी घेतल्यावर पुन्हा सांग, मी लावते मोबाइल. तिनं दोन्ही हात वर करून माझ्यासमोर धरले. ते कापत होते. यांनी सांगू, असं तिनं डोळ्यांनीच विचारलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि भरपूर रडले. रडताना भावाला चार शिव्या दिल्या, त्याला ऐकू जातील अशा.

मग तोंड धुऊन आले आणि साफसफाईला बसले. भावाच्या लग्नाच्या दोन प्रती उडवल्या. त्याचे सिनेमे उडवले. त्याच्या जुन्या मोबाइलांचं सगळं साठवलेलं उडवलं. त्याच्या फ्लॅटचं बांधकाम चालू असतानाचं दर आठवड्याचं चित्रीकरण होतं, पाया खणण्यापासून, ते उडवलं. माझ्या कचेरीच्या प्रशिक्षणाचे व्हिडिओ होते, तेही घालवले.

"आक्का, ते बांधकामाचं तरी राहू दे की."

"आवाज हाय त्याला?"

"हाय की. मिक्सरचा."

"मग तर काढायलाच पायजे," मी म्हटलं आणि काढलं.

जागा झाली. परत मिळालेलं सगळं डब्यात घातलं, डिस्कची तपासणी केली, आणि मग डिफ्रॅग लावलं. पडद्यावर टक्का मुंगीसारखा सरकत होता. भावाची दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती. सकाळी काम संपलं. मी डबा पुन्हा राउटरला जोडला, आणि आईच्या हातात रिमोट दिला.

आईनं वेळ घेतला. नावं तिला वाचता येत नाहीत, ती चित्रावरून, साडीच्या रंगावरून ओळखते. शेवटी तिला हवा तो सापडला. तिनं भावाला हाताला धरून खाटेवर आपल्या शेजारी बसवलं आणि व्हिडिओ लावला.

तो मी स्वतः डब्यात घातला होता, त्यामुळे त्यात काय आहे ते मला पाठ आहे. तुम्हाला सांगते. भाऊ निवासी शाळेत पहिल्यांदा गेला तो दिवस. बाबा त्याला पोचवायला निघाले होते. आई एसटी स्टँडवर आली होती. दोघं गाडीत बसले, आणि भाकरीचं गाठोडं तिच्याच हातात राहिलं. गाडी अजून उभी होती. भाऊ पलीकडच्या खिडकीशी होता, त्याची पाठ दिसत होती. हाक मारता येत नाही, म्हणून तिनं थांब म्हणायला गाडीच्या पत्र्यावर हाताच्या थापा मारल्या. एसटीच्या पत्र्यावर थापा मारल्या की ड्रायव्हरला काय कळतं, हे तिला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. गाडी सुटली. ती आणखी जोरात थापा मारत मागे धावली, तशी गाडीनं वेग घेतला. बाबा परत आल्यावर त्यांनी तिला समजावलं की पत्र्यावर थाप म्हणजे चला, निघा. व्हिडिओत शेवटी ती म्हणते, जन्मात एकदाच माझा आवाज लोकांना ऐकू गेला, आणि माझ्या लेकराला मीच जा म्हणाले.

व्हिडिओ कुठेही अडखळला नाही. हात उचलला, खाली आला, पुन्हा उचलला, मधली सगळी वाट दिसत होती.

संपल्यावर भाऊ माझ्याकडे वळला. "काय म्हणतीय?"

मी त्याची चटणी पिशवीत भरत होते. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. आजवर सांगत आले होते तसं.

"मला विचारू नको," मी म्हटलं. "ती शेजारी बसलीय."

"आक्का, गाडी हाय माझी दुपारची."

"मग जाऊ दे गाडी."

तो रागानं माझ्याकडे बघत राहिला. मी पिशवीची गाठ मारली आणि तिथेच बसून राहिले. मग त्यानं आईच्या हातातून रिमोट घेतला आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. त्यानंतर आणखी एकदा. त्या वेळी आई पत्र्यावर थापा मारते तिथे त्यानं व्हिडिओ थांबवला. स्वतःचा तळवा उचलून हवेत मारला, एकदा, दोनदा, आणि आईकडे वळून आपल्या छातीवर बोट ठेवलं. मला? आईचे हात कापत होते, तरी तिनं त्याच हातांनी त्याला उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि तो तिच्या हातांकडे बघत राहिला, माझ्याकडे वळला नाही.